अनुराग शिकवता येतो का?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. ठाणे, कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या नर्सिंग कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या ट्यूटरला यांतले तीन शिकवायची रीत ठाऊक असते. ज्ञानाला पुस्तक आहे, दक्षतेला सराव, शुचितेला हात धुण्याचे नियम. अडते ते अनुरागापाशी.

तशा तिच्या इतर अडचणीही कमी नाहीत. कालपर्यंत ती वॉर्डात सिस्टर असते. सलाईन लावताना शीर बोटांना बिनचूक सापडते, पण ती कशी सापडली हे वर्गासमोर सांगताना शब्द सापडत नाहीत. माहीत असणे वेगळे आणि करता येणे वेगळे, हे तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये मांडले. परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचर्येपुरते दाखवले की नवखी नर्स नियम बघून काम करते, मुरलेली रुग्ण बघून. ट्यूटरला मुरलेपण उसवून पुन्हा नियमांवर यावे लागते. त्यात पुस्तके इंग्रजी आणि मुरबाड-शहापूरकडच्या मुली मराठी माध्यमातल्या. हे मात्र दोन-चार वर्षांत जमते.

अनुरागाचे तसे नाही. मॅनिकिनला, म्हणजे सरावाच्या पुतळ्याला, स्पंज देताना ‘पडदा लावला’ या ओळीपुढे खूण होते, कारण ते चेकलिस्टमध्ये आहे. मॅनिकिनला लाज नसते. पोस्टिंगला गेल्यावर खाटेवरची आजी पदर घट्ट धरून भिंतीकडे तोंड फिरवते, तेव्हा चेकलिस्टची पुढची ओळ कामाला येत नाही. १९०१ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयात तर हाताचे कसब आणखी मागे पडते; तिथे बसून ऐकावे लागते.

कान्टच्या मते भावना हुकमाने येत नाही. कर्तव्य म्हणून केलेली मदत मात्र मागता येते. परीक्षेला हे सोयीचे आहे: वागणूक तपासा, मनात डोकावू नका. विद्यार्थिनीच्या दृष्टीनेही ते न्याय्यच. बौद्ध परंपरा यापुढे जाते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांत करुणा ही सरावाने वाढणारी गोष्ट आहे. तिच्या जोडीला उपेक्षा, म्हणजे समत्व, ठेवली आहे, हे रात्रपाळी केलेल्या कोणालाही पटेल; नुसत्या करुणेने नर्स लवकर थकते.

गुण देण्यापुरता कान्ट पुरतो, घडवायला पुरत नाही. सरावाला डोळ्यांसमोर कोणीतरी लागते: आजीला आधी नाव विचारणारी, पदर तिच्याच हाती ठेवून काम करणारी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. ते प्रमाण हजेरीपटावर जुळले आणि ट्यूटर फायलींत अडकून पडली, तर खाटेपाशी मुलींसमोर कोणीच नसते. नव्या ट्यूटरला वॉर्डापासून तोडून फळ्यापुरती ठेवणे ही म्हणूनच चूक आहे.