वाट मोकळी करणारा गृहस्थ

अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले ते शत्रूच्या भयाने नव्हे, तर स्वजनांच्या दर्शनाने. म्हणूनच गीतेचा मूळ श्रोता अरण्यातील संन्यासी नसून कुटुंबवत्सल गृहस्थ आहे, हे ध्यानी घेतले पाहिजे. छत्तीसगडातील भिलाईस १९५९ साली पोलादाच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. तिच्या आधाराने ज्यांनी संसार थाटले, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. रात्रपाळीस निघालेल्या पित्याचे बोट लहान मूल सोडीत नाही, तेव्हा अर्जुनाचाच प्रश्न त्याच्या उंबरठ्यावर उभा राहतो. घरचे प्रेम आणि बाहेरचे कर्तव्य यांत विरोध आहे काय?

तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंत स्त्री, पुत्र, गृह यांविषयी ‘अनभिष्वंग’ असावा असे सांगतात. या शब्दाचा अर्थ पुष्कळ जण प्रेमाचा अभाव असा करतात. तो यथार्थ नव्हे. अभिष्वंग म्हणजे चिकटून एकरूप होणे. बुडत्याला मिठी मारणारा स्वतःही बुडतो. काठावर पाय रोवून हात देणारा त्याला तारतो. प्रेम दोघांचेही आहे, परंतु तारण्याचे सामर्थ्य दुसऱ्याच्याच ठायी आहे.

या तत्त्वाचे एक उदाहरण मेजर रामा राघोबा राणे यांच्या चरित्रात आढळते. कारवारजवळील चेंडिया या गावी २६ जून १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई होते. १९४० साली राणे सैन्यात गेले व पुढे बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सेना नौशेराहून राजौरीकडे निघाली. वाटेत सुरुंग पेरलेले होते, पाईनचे वृक्ष आडवे पाडलेले होते, मोऱ्या उडवलेल्या होत्या. ८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन सहकारी ठार झाले आणि पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरीही ते मागे फिरले नाहीत. १० तारखेस पहाटे पावणेपाचपासून रात्री नऊपर्यंत त्यांनी अन्न व विश्रांती यांवाचून काम केले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा आरंभ केला. रणगाडे पुढे सरकले ते या वाटेने. या पराक्रमाबद्दल त्यांस परमवीरचक्र मिळाले.

येथे एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. या वीराचे रणातील कर्म मुख्यतः प्रहाराचे नव्हते. ते दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करण्याचे होते. त्या वाटेने कोण जाईल, जय कोणाच्या नावे लिहिला जाईल, हा विचार सुरुंग काढणाऱ्या हाताला परवडत नाही. त्याचे सारे चित्त समोरच्या एका कर्मातच असावे लागते. फलाशेचा त्याग तो याहून वेगळा काय असतो?

पुढे राणे यांचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यास दिवंगत झाले. त्या चार दिवसांच्या कर्मास परमवीरचक्र लाभले. संसाराच्या पुढील चार दशकांस मात्र कोणतेही पदक नसते. मुलांची शिक्षणे, आजारपणे, पतीच्या बदल्यांमागे घर पुन्हा पुन्हा मांडणारी पत्नी, यांचा उल्लेख राजपत्रात येत नाही. तथापि भगवंतांच्या दृष्टीने मोजमाप कर्माच्या आकाराचे नाही, भावाचे आहे. ज्याला अर्पण केलेले पानही चालते, त्याला स्वयंपाकघरातील आणि रणातील श्रम सारखेच पोहोचतात.

भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ घडतात. ते घडविणाऱ्याला त्यावरून कोण प्रवासी जाणार हे कधीच कळत नाही. त्याने जाणावे की तोही वाटच मोकळी करीत आहे. घरी परतून पुत्राचा अभ्यास घेताना, वृद्ध मातेला औषध देताना तो दुसरी वाट मोकळी करतो. आज रात्री पाळीस निघताना मुलाने बोट धरले, तर ते झिडकारू नये व धरून बसूही नये. मस्तकावर हात ठेवून, भगवंतांचे स्मरण करून निघावे. हाच गृहस्थाचा अनभिष्वंग होय.

श्रीकृष्णार्पणमस्तु.