वडिलांचे देणे

दरवर्षी दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरची एक पेटी खाली उतरवावी लागते. ती आमच्या नानांची. तिचे दोन स्वर वाजत नाहीत आणि भात्याला चीर गेली आहे. नाना गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यांना गाणे यायला हवे होते, ते आले नाही. मला निदान पेटी यावी असे त्यांच्या मनात असावे, तीही आली नाही. तरी ती मोडीत काढणे माझ्या हातून होत नाही. मी ती पुसतो, जुन्या धोतरात गुंडाळतो आणि पुन्हा वर ठेवून देतो. याला प्रेम म्हणायचे की धाक, हा विचार कधी मनात आला नव्हता. तो एका चित्रपटाने आणला.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट 2020 साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि पटकथेचे पारितोषिक घेऊन आला. त्यातला शरद नेरुळकर हा मुंबईतला तरुण शास्त्रीय गाणे शिकतो आहे. वडील वारलेले. तेही गवई व्हायला निघालेले आणि वाटेतच राहिलेले. लहानपणी मुलाला या नादी लावले ते त्यांनीच. आता ते नाहीत, पण त्यांच्याकडून आलेल्या ध्वनिफिती आहेत. शरदच्या गुरूंच्याही गुरू असलेल्या माईंची भाषणे त्यांत आहेत. रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवताना शरद ती कानाला लावून ऐकत असतो. माईंना आवाज दिला आहे सुमित्रा भावे यांनी. तो शांत आहे, आणि शांतपणेच निर्दय आहे. या वाटेवर उपास आणि एकटेपणा यांची तयारी हवी, अशा अर्थाचे काहीबाही त्या सांगत राहतात आणि बिचारा शरद ते मुकाट्याने अंगी लावून घेतो.

तो रियाज करतो, आजारी गुरुजींची सेवा करतो. वर्षे जातात. गळा वाईट नाही, शिस्त आहे, पण जे उतरायला हवे ते गळ्यात उतरत नाही. शेवटी एका मैफलीत तो गाता गाता थांबतो आणि उठून जातो.

चित्रपट पाहून झाल्यावर आमच्या शाळेतले एक सहकारी म्हणाले, “अहो, मुळात प्रतिभाच नाही, तर करणार काय?” मला हे पटले नाही. प्रतिभा नसलेली माणसे भजनी मंडळात बसून मोठ्या आनंदाने गातात. शरदला तो आनंद कधी मिळालेलाच दिसत नाही. तो गात नव्हता, कुणाचे तरी देणे फेडत होता.

आपल्या भाषेतला ‘देणे’ हा शब्द मोठा लबाड आहे. निसर्गाचे देणे म्हणजे त्याने आपल्याला दिलेले, आणि वाण्याचे देणे म्हणजे आपण त्याला द्यायचे. वडिलांचे देणे यांपैकी कोणते? जुन्या लोकांनी याचा हिशेब मांडून ठेवला आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्या शिकून फेडायचे, देवांचे यज्ञाने, आणि पितरांचे संततीने. मौज अशी की पितरांचे ऋण पितरांना परत करावे लागत नाही. ते पुढे द्यायचे असते. बापाचे राहिलेले काम पुरे कर, असे त्या हिशेबात कुठेच नाही. शरदची गफलत मला इथे दिसते. तो ऋषींचे ऋण फेडतो आहे असे समजून बापाचे फेडत बसला. आणि ज्या देण्याची पावती द्यायला बाप हयात नाही, ते फिटले हे कळायचे कसे?

कुणी विचारील की स्वतःची म्हणून अशी इच्छा कुणाची असते? सगळ्या इच्छा कुठून तरी आलेल्याच. हे खरे आहे. किराणा घराण्याचेच पाहा. 1922 साली ताराबाई माने मुलांना घेऊन अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घरातून बाहेर पडल्या. मुलांची नावेही बदलली गेली. बाप दुरावला, त्याच मुलांतून सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे झाल्या. हिराबाईंना तालीम मिळाली ती भावाकडून आणि वहीद खाँसाहेबांकडून. तरीही त्यांचे गाणे किराण्याचेच. बाप घरात नव्हता, पण त्याचे गाणे आपले करायला त्यांना कुणाची आडकाठी झाली नाही. शरदचे उलटे झाले. बापाचे गाणे त्याला मिळालेच नाही, मिळाली ती बापाची हुरहूर, आणि त्या हुरहुरीलाच तो गाणे समजला.

एवढ्यावर मी हा चित्रपट विसरलो असतो. पण त्यात एक लहान प्रसंग आहे. शरद आता शिकवतो आहे. एक विद्यार्थी आईला घेऊन येतो. मुलाला फ्यूजन बँडमध्ये गायचे आहे, परवानगी हवी आहे. शरद त्याला अशा थंड तुच्छतेने झिडकारतो की पाहणाऱ्याला लाज वाटावी. मास्तर म्हणून मला ती वाटली. बाप म्हणून अधिक वाटली.

माझ्या मुलीला अकराव्या वर्षी मी पेटीच्या शिकवणीला घातले होते. तिला खो-खो खेळायचा असे. एका संध्याकाळी ती रडून म्हणाली, “बाबा, मी नाही जाणार.” मी म्हणालो, “तुझ्या आजोबांची फार इच्छा होती गं.” ती डोळे पुसून निघाली आणि पुढे दोन वर्षे गेली. नाना तसे कधी बोललेच नव्हते. मेलेल्या माणसाच्या नावावर मी माझीच इच्छा खपवली. शरदच्या वडिलांनी हे उघडपणे केले. मी ते आडून केले.

चित्रपटाच्या शेवटी शरदने जुन्या दुर्मिळ ध्वनिमुद्रणांचे काम हाती घेतले आहे. लग्न झाले आहे, लेक आहे. आगगाडीत तो बायकोमुलीबरोबर बसला आहे आणि डब्यात एक भिक्षेकरी गात येतो. शरद ऐकतो. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही. हरलेपण म्हणावे तर तेवढेच नाही.

मुलगी आता कॉलेजात आहे. यंदा पेटी खाली काढली तेव्हा तिने भाता ओढून पाहिला, एक स्वर दाबला आणि म्हणाली, “बाबा, ही दुरुस्त करून कुणाला देऊन टाकू या का?”

मी म्हटले, “बघू.”

पेटी अजून पुढच्या खोलीतच आहे.