कशाच्या बदल्यात?

विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या स्कूटरची बाजू घेणारे दोन गोष्टी सांगतात: ती धूर सोडत नाही म्हणून स्वच्छ आणि तिचा वेग कमी म्हणून सुरक्षित. ऐकायला दोन्ही पटतात, कारण नजर फक्त वाहनावर आहे. हे वाहन नसते तर माणूस कसा गेला असता, हे मात्र कोणी विचारलेले नसते. गेल्या सात-आठ वर्षांतले या विषयावरचे गंभीर संशोधन नेमके तिथूनच सुरू होते.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये उभ्याने चालवायच्या भाड्याच्या स्कूटरचा कारखान्यापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडला. एका प्रवाशामागे मैलाला 202 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वाशे ग्रॅम, असा आकडा निघाला. त्यातला निम्मा वाटा स्कूटर आणि तिचे सुटे भाग बनवण्याचा होता. 43 टक्के वाटा होता रोज शहरभर विखुरलेल्या स्कूटर मोटारींत भरून चार्जिंगला नेण्याचा आणि पुन्हा रस्त्यावर आणून मांडण्याचा. प्रत्यक्ष चार्जिंगला लागणारी वीज अगदी किरकोळ ठरली. वीज कोळशाची की सूर्याची, यावर आपण हमरीतुमरीवर येतो. या हिशेबात त्या भांडणाला फारशी जागाच नव्हती.

त्याच संशोधकांनी रॅली शहरातल्या स्कूटरस्वारांना विचारले की, ही स्कूटर नसती तर तुम्ही कसे गेला असता? 49 टक्के म्हणाले, चालत किंवा सायकलने. 34 टक्के मोटारीने गेले असते, 11 टक्के बसने, आणि 7 टक्के गेलेच नसते. मोटारीऐवजी स्कूटर घेतली तर फायदा जवळजवळ नक्की, पण पायांऐवजी घेतली तर शुद्ध तोटा. सगळी बेरीज-वजाबाकी करून संशोधकांनी जी गणिते चालवली, त्यांतल्या बहुतेकांत स्कूटरने प्रदूषण कमी न होता वाढलेच.

स्कूटर टिकते किती, हा हिशेबाचा दुसरा खांब. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराने आपली आकडेवारी खुली केली, तेव्हा 2018 मधल्या सुरुवातीच्या स्कूटरचे सरासरी आयुष्य महिन्याभराचेही भरले नाही. पुढे कंपन्यांनी मजबूत चाके आणली, बॅटरी काढता-घालता येऊ लागली, आयुष्य वाढले. आयुष्य दोन वर्षे धरले तर 202 चा आकडा 141 वर येतो, हे 2019 च्या त्या अभ्यासातच होते. तरीही झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी 2022 मध्ये दाखवले की, भाड्याच्या ई-स्कूटर आणि ई-सायकली ज्या प्रवासाची जागा घेतात त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतात. स्वतःच्या मालकीच्या मात्र कमी. मला हा निष्कर्ष सगळ्यांत अडचणीचा वाटतो. वस्तू वाटून वापरणे म्हणजे काटकसर, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. पण वाटून वापरायची वस्तू जागेवर नेऊन ठेवायला, दुरुस्त करायला आणि शोधून आणायला एक वेगळी यंत्रणा राबते, आणि तिचा धूर जाहिरातीत दिसत नाही.

सुरक्षिततेचा अभ्यास सुरू झाला रुग्णालयांतून. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन आपत्कालीन विभागांत सप्टेंबर 2017 पासूनच्या एका वर्षात स्कूटर अपघाताचे 249 रुग्ण आले. चाळीस टक्क्यांना डोक्याला मार होता, आणि हेल्मेट घातल्याची नोंद फक्त दहा जणांची होती. आकडा धक्का देतो, पण छेदाशिवायचा अंश काही सांगत नाही. 249 जखमी किती फेऱ्यांमागे? टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने 2018 च्या शेवटच्या महिन्यांत तो छेद शोधला, आणि उत्तर आले एक लाख फेऱ्यांमागे वीस जखमी. त्यांतले सुमारे एक तृतीयांश आयुष्यातल्या पहिल्याच फेरीत पडले होते. ज्यांच्या मुलाखती झाल्या, त्यांतल्या निम्म्यांनी खड्डे आणि रस्त्यावरच्या भेगांकडे बोट दाखवले. तळहाताएवढी चाके अन् खड्डा, यात आणखी समजावण्यासारखे काय आहे?

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या आंतरराष्ट्रीय परिवहन मंचाचा 2020 चा अहवाल मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. भाड्याच्या स्कूटरवर मरण येण्याची शक्यता सायकलपेक्षा लक्षणीय जास्त नाही, असे तो म्हणतो. पुढे म्हणतो की, सायकलस्वार आणि ई-स्कूटरस्वार यांच्या मृत्यूंपैकी 80 टक्क्यांहून अधिक मृत्यू त्यांच्याहून जड वाहनांच्या धडकेत होतात. हाड मोडते ते बहुधा स्वतःच्या पडण्याने. जीव जातो तो दुसऱ्याच्या गाडीखाली. हेल्मेट आणि प्रशिक्षण पहिल्यावर उपाय आहेत. दुसऱ्यासाठी मोटारींचा वेग कमी करावा लागतो आणि त्यांच्याकडून रस्ता काढून घ्यावा लागतो, आणि ते करायची हिंमत फार थोड्या शहरांत असते. पॅरिसने एप्रिल 2023 मध्ये सार्वमत घेऊन भाड्याच्या सुमारे 15,000 स्कूटर हटवल्या. बंदीच्या बाजूने 89 टक्के मते पडली, पण मतदानाला आले आठ टक्क्यांहूनही कमी लोक. खासगी स्कूटर तिथे आजही चालतात. तो कौल पदपथावरच्या अडचणीवर होता. धोक्याचे मोजमाप त्यात कुठेच नव्हते.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक सवलत आहे: मोटार 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची, वेग तासाला 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोच्या आत असेल तर ती दुचाकी ‘मोटार वाहन’ नाही. लायसन नको, नंबर प्लेट नको, हेल्मेटची सक्ती नाही. बंगळूरुच्या युलू कंपनीने याच चौकटीत भाड्याच्या गाड्या आणल्या. मेट्रो स्टेशनापासून कचेरीपर्यंतचे अंतर कापणारा नोकरदार डोळ्यांसमोर होता. पण गाड्या जास्त पसंत पडल्या त्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना. पुण्याच्या बजाज ऑटोने पैसा घातला आणि या कामासाठी खास गाड्या बनवल्या. हातात लायसन नाही, कर्ज काढून गाडी घ्यायची ऐपत नाही, अशा मुलाला गाडी भाड्याने घेऊन त्याच दिवशी कामाला लागता येते. हा फायदा खरा आहे, आणि पर्यावरणाच्या चर्चेत तो कोणी धरत नाही.

अमेरिकेतला 43 टक्क्यांचा काटाही इथे निघाल्यासारखा दिसतो. बॅटरी संपली की स्वार स्वतः केंद्रावर जाऊन ती बदलून आणतो. गोळा करणारी मोटार नाही, तिचा धूर नाही. मात्र ते काम नाहीसे झालेले नाही. ते मुलाच्या बिनपगारी मिनिटांत जाऊन बसले आहे.

आता बदलीचा प्रश्न. ढोबळ हिशेब करू. बसून चालवायच्या ई-दुचाकीला शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे दोन किलोच्या आसपास. पेट्रोलची दुचाकी तेवढ्या अंतराला दोन लिटर पेट्रोल जाळते आणि साडेचार किलोंहून अधिक सोडते. कोळशाची वीज धरूनही ई-दुचाकी निम्म्याहून कमी कार्बनवर सुटते. डिलिव्हरीचा मुलगा एरवी पेट्रोलची बाइकच चालवणार होता, तेव्हा इथली बदली रॅलीपेक्षा चांगली, असे म्हणून थांबता आले असते.

पण त्या फेरीत दोन माणसे आहेत, आणि आपण चुकीच्या माणसाला विचारतो आहोत. दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी मागवणारा गिऱ्हाईक एरवी काय करणार होता? चप्पल घालून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे किंवा भाजीवाल्याकडे गेला असता, किंवा संध्याकाळी घरी येताना घेऊन आला असता, नाहीतर त्या दिवशी आमटी कोथिंबिरीशिवाय झाली असती. रॅलीतले 49 आणि 7 टक्के इथे गाडीवर दिसत नाहीत. ते चौथ्या मजल्यावर सोफ्यावर बसलेले आहेत. दुकानापर्यंतच्या दहा पावलांची जागा दोन किलोमीटरच्या फेरीने घेतली असेल, तर ती फेरी विजेवर झाली म्हणून स्वच्छ ठरत नाही.

सुरक्षिततेतही तेच. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, त्यांत 44.5 टक्के दुचाकीवरची होती. 25 च्या वेगाची गाडी पदपथासाठी फार जलद आणि ट्रक-बसच्या रस्त्यावर फार हळू. ऑस्टिनमधला पर्यटक हौसेची एखादी फेरी मारून हॉटेलवर परततो. इथला स्वार दिवसभर, पावसात, पाण्याने झाकलेल्या खड्ड्यांतून, घड्याळाकडे बघत फिरतो. पहिल्या फेरीचा नवखेपणा त्याच्याकडे नसतो. पण थकवा असतो, आणि 25 ची मर्यादा काढून देणारे कारागीरही त्याला भेटतात. आणि कायद्याने हे वाहनच नसल्यामुळे अशा गाड्या रस्त्यावर किती आहेत, हे आरटीओच्या नोंदीतून कळत नाही. नियमाने वाहनाबरोबर छेदही पुसून टाकला आहे.

आकडे नाहीत असे मात्र नाही. भाड्याच्या प्रत्येक गाडीत जीपीएस असते. ती कुठून निघाली, कुठे थांबली, दिवसाला किती चालली, हे कंपनीला ठाऊक असते. लॉस एंजेलिसच्या परिवहन विभागाने 2018 मध्ये ही माहिती ठरावीक नमुन्यात देणे ही परवान्याचीच अट केली, आणि उबरच्या जंप कंपनीने ती पाळली नाही तेव्हा 2019 मध्ये तिचा परवाना निलंबित केला. माणसांच्या हालचालींवर पाळत नको म्हणून नागरी हक्कवाले त्या अटीविरुद्ध न्यायालयात गेले, तो आक्षेपही रास्त होता. फेरीनिहाय नव्हे, महिन्याची बेरीज मागितली तर त्यातून वाट निघते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये फक्त ई-बाइकच्या टॅक्सींना मंजुरी दिली. त्या नोंदणीकृत असतील, म्हणजे गाड्यांचा आकडा मिळेल. किती किलोमीटर, किती जखमी, आणि प्रवासी एरवी बसने जाणार होता की रिक्षाने, हे तीन रकाने परवान्याच्या अर्जात घालायला नवा कायदा लागत नाही. डिलिव्हरीच्या बिननंबरी गाड्यांसाठी मात्र 250 वॅटच्या सवलतीलाच हात लावावा लागेल, निदान ती गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत. घरच्या वापराला घेतलेल्या एका गाडीला असलेली सूट हजारो गाड्यांच्या ताफ्याला का मिळावी, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.