आधी आधार, मग भोक

चि. प्रसाद यास,


पॅनेलची ऑर्डर मिळाल्याचं ताईकडून कळलं, बरं वाटलं. फॅनसाठी 115 मिलिमीटरचा होल सॉ घेऊ का, असं तू विचारलंस. घे, पण आधी तुझं ड्रिल मशीन किती हळू फिरतं ते बघ. एवढ्या व्यासाला साध्या लोखंडात दातांचा वेग मिनिटाला 25 मीटरच्या आसपास हवा, म्हणजे फेरे जेमतेम 70. बेल्ट शेवटच्या पुलीवर चढवूनही मशीन 400च्या खाली येत नसेल, तर पॅनेलच्या पहिल्याच दारावर दात निळे पडतील आणि तू सॉ विकणाऱ्याला शिव्या देत बसशील.

वेग जमला तरी खरी गोम पत्र्यातच असते. जाड प्लेटमध्ये ड्रिल शिरलं की भोकाची भिंतच त्याला धरून ठेवते. 16 गेजचा पत्रा जेमतेम 1.6 मिलिमीटर. मोठ्या ड्रिलचं टोक खालून बाहेर पडतं, तेव्हा त्याच्या कडा वर पत्र्याला पुरत्या टेकलेल्याही नसतात. मग ड्रिल हेलकावतं आणि भोक तिकोनी येतं. कानस मारून ते गोल करणारे बहाद्दर मी पाहिलेत. भोक गोल होतं, पण मापाबाहेर जातं.

म्हणून पत्रा कधी मोकळा ठेवू नकोस. खाली जाड प्लायवूड घे, कडेने क्लॅम्प मार. फ्लाय कटर वापरणार असशील तर आतली चकतीही दोन स्क्रूंनी प्लायवूडला जखड. नाहीतर कटर शेवटचा धागा कापतो त्या क्षणी ती सुटते, त्याच्या पात्याखाली अडकते आणि गरगरत उसळते. हातमोजे काढून ठेव, चष्मा लाव. पत्रा हाताने धरणारा पोरगा असेल तर त्याला चहा आणायला पाठव.

पंच-डायचं भोक स्वच्छ येतं तेही आधारामुळेच. डायचं रिंगण पत्र्याला कापणाऱ्या धारेला लागूनच टेकू देतं. भोकाचं माप पंचाचं धरायचं आणि फट डायमध्ये द्यायची, हे विसरू नकोस. पण 115च्या भोकाला सपाट तोंडाच्या पंचाला 17 टनांच्या वर जोर लागतो. तिरक्या धारेच्या पंचाला तो बराच कमी पुरतो, कारण धार सगळीकडे एकदम कापत नाही. गिऱ्हाइकाच्या साइटवर उभ्या पॅनेलला नवं भोक पाडायचं असेल, तर हायड्रॉलिक नॉकआउट पंचाला तोड नाही. तिथे सॉ चालवून लोखंडाचा कीस वायरिंगवर सांडू नकोस.

आता या ऑर्डरचं. एकसारखी दारं इतकी आहेत, तर सरळ लेझरवाल्याला दे. बीम आधी चकतीच्या आत भोक पाडतो आणि मग रेघेवर येतो, तशी वाट ड्रॉइंगमध्ये आहे ना एवढं विचार. नाहीतर काठावर खाच राहते.

आणि अचूकपणा कुठे लागतो ते ओळख. फॅनच्या मोठ्या भोकावर जाळी बसते. ते अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर कुणाला दिसत नाही. तिथे जपायची ती चार स्क्रूंची जागा, 120च्या फॅनला भोकाभोकांतलं अंतर 105. हातानेच काम करायची वेळ आली, तर ही चारही भोकं मोठं भोक पाडण्याआधी आख आणि सेंटर पंचाने पक्की कर. मधला तुकडा गेल्यावर डिव्हायडर टेकवायला जागाच उरत नाही. मध्यरेषाही भोकाच्या परिघाबाहेर लांबवून ठेव.

पुशबटनांच्या 22.5च्या भोकांना मात्र ढिलाई चालत नाही. पावडर कोटिंग 70 मायक्रॉनचं झालं, तर दोन्ही काठ मिळून व्यास 0.14ने घटतो. मग बटण अडकतं, आणि फिटर कानस काढून कोटिंगच ओरबाडतो. तेवढी जागा ड्रॉइंगमध्येच सोड. भोकं सगळी कोटिंगआधीच व्हायला हवीत, काठांची बरही तेव्हाच काढ.

ड्रॉइंग लेझरवाल्याकडे जाण्याआधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, मापं एकदा बघतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा