आधी डागाळलेलं

आमच्या शाखेच्या दारात एक फळवाला गाडी लावतो. हंगामात त्याच्या गाडीवर एकाच राशीचे दोन भाव असतात. निवडून घेतली तर दोनशे रुपये किलो, न निवडता घेतली तर दीडशे. बी.कॉम.ला मी मागणी-पुरवठ्याचे आलेख काढले, पुढे वीस वर्षं बँकेत कारकुनी केली. पण 'निवडणे' या क्रियापदाची किंमत किलोमागे पन्नास रुपये असते, हे मला या माणसाने शिकवलं.

मी अर्थातच निवडून घेत असे. निवडायची माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती. आधी देठ बघायचा, मग वास घ्यायचा, मग टिचकी मारायची. टिचकी मारून नेमकं काय ऐकायचं असतं ते मला आजही माहीत नाही. ती कलिंगडावरून लागलेली सवय आहे. शेवटी घ्यायचं ते मात्र सगळ्यांत लाल असेल ते. घरी येऊन कापलं की आत पिठूळ!

"अहो, नोटा एवढ्या ओळखता, फळं कशी ओळखत नाही?" बायको विचारायची.

आता हा दोष माझा एकट्याचा नाही, हे मी वाचून काढलं आहे. आपल्याकडे ज्याला 'डिलिशियस' म्हणतात, ते मूळचं अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं. तिथे जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत ओळ सोडून एक रोप उगवलं. त्याने ते तोडलं, ते पुन्हा फुटलं. पुन्हा तोडलं, पुन्हा फुटलं. शेवटी त्याने हात टेकले. 1890 नंतरच्या काही वर्षांत एका रोपवाटिकेने ते विकत घेतलं आणि त्याला 'डिलिशियस' हे नाव दिलं. तेव्हा ते असं लालभडक नव्हतं. अंगावर नुसते लाल पट्टे होते. 1916 च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स या मूळच्या अमेरिकन गृहस्थांनी ते सिमल्याजवळच्या कोटगढ भागात लावलं आणि हिमाचलचं नशीब बदललं. तिकडे अमेरिकेत मात्र गिऱ्हाईक लाल रंगाला भुलतं म्हणून बागायतदार अधिकाधिक लाल फांद्यांची कलमं करत गेले. रंग चढला, साल जाड झाली आणि चव मागे राहिली. लोकांच्या हे लक्षात यायला बराच काळ लागला. 2018 साली तिथे त्याचा पहिला नंबर 'गाला' जातीने घेतला. थोडक्यात, माणसं जे निवडतात तेच त्यांना मिळतं. आपण रंग निवडला, आपल्याला रंग मिळाला. तक्रार कोणाकडे करायची?

पण माझा प्रश्न चवीचा नाही, नीतीचा आहे. एकदा मी नेहमीप्रमाणे निवडत होतो. एक सफरचंद उचललं, फिरवलं, डाग दिसला म्हणून परत ठेवलं. शेजारी एक आजोबा न निवडता घेत होते. फळवाल्याने मी ठेवलेलं नेमकं तेच त्यांच्या तागडीत टाकलं. त्यांनी काही म्हटलं नाही. मला मात्र उगाचच त्यांच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं. मी चांगलं निवडतो, याचा दुसरा अर्थ डागाळलेलं कोणाला तरी निवडून देतो. बँकेत हेच रोज चालतं. गिऱ्हाइकाला कोरी नोट दिली तर ती घरी कपाटात जाते, मळकी दिली तर संध्याकाळपर्यंत बाजार फिरून येते. ग्रेशमसाहेबाचा नियम आम्ही परीक्षेत लिहिला होता : वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हाकलून लावतो. फळांच्या बाबतीत फरक एवढाच, की मळकी नोट पुढे सरकवता येते, डागाळलेलं फळ कोणाला तरी खावं लागतं.

कोणाला? आमच्या घरी याचं उत्तर ठरलेलं होतं.

माझ्या लहानपणी सफरचंद हे फळ नव्हतं, आजारपण होतं. तापाशिवाय ते घरात येत नसे. नऊ वर्षांचा असताना मला कावीळ झाली आणि भेटायला आलेल्यांनी मिळून सहा सफरचंदं आणली. आईचा नियम होता : आधी डागाळलेलं संपवायचं. सोमवारी एकाला डाग होता, ते खाल्लं. मंगळवारपर्यंत दुसऱ्याला पडला, मग ते खाल्लं. शनिवारी हिशेब केला तेव्हा सहा चांगल्या सफरचंदांची आम्ही सहा डागाळलेली सफरचंदं करून खाल्ली होती!

पुढे कॉलेजात माल बाहेर काढण्याच्या पद्धती शिकलो, तेव्हा आईची पद्धत औषधांच्या दुकानातली निघाली : ज्याची मुदत आधी संपते ते आधी. विज्ञानही तिच्याच बाजूचं. पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो शेजारच्या फळांना घाईने पिकवतो. एक नासका आंबा आढी नासवतो, ते खोटं नाही. तेव्हा आईचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही, आणि तिथेच पंचाईत आहे.

कारण ती डाग कापून काढायची, चांगल्या फोडी आमच्या बशीत टाकायची, आणि डागाच्या कडेचा मऊ भाग व बियांभोवतीचा गर स्वतः खायची. "मला नाही फारसं आवडत सफरचंद," असं म्हणायची. आम्हाला ते खरं वाटायचं. मुलांना सोयीच्या गोष्टी लगेच खऱ्या वाटतात.

2011 च्या ऑक्टोबरात ती दवाखान्यात होती. बाजारात किन्नौरची सफरचंदं नुकतीच आली होती. थंड उंचावरची, घट्ट आणि रसाळ. मी आयुष्यात पहिल्यांदा रंग न बघता फळवाल्याला विचारून घेतली. आईने एक हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं,

"घरातली आधीची संपली का रे?"

"संपली," मी म्हणालो. फ्रिजमध्ये दोन मऊ पडलेली होती.

मी फोड करून दिली. तिने चावली, जरा थांबली आणि म्हणाली, "कुरकुरीत असतं होय हे!"

मी हिशेबाचा माणूस. त्या एका वाक्यात तिने चाळीस वर्षांचा ताळेबंद समोर ठेवला. जमेच्या बाजूला आम्ही होतो. नावेच्या बाजूला काय होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

डागाळलेलं फळ फेकून द्यावं, असं मी म्हणत नाही. ते पिकवणाऱ्याने बर्फात नि गारपिटीत झाड सांभाळलेलं असतं. पण ते रोज एकाच माणसाने खायचं आणि बाकीच्यांनी त्याला काटकसर म्हणायचं, ही अफरातफर झाली.

आता मी न निवडता घेतो. "साहेब, बढती चुकली वाटतं," फळवाला म्हणाला. घरी आल्यावर मऊ पडलेली किसून शिऱ्यात जातात. त्यामुळे डाग चौघांत सारखे वाटले जातात, वर तूप असल्याने तक्रार येत नाही.

परवा बायको फोडी करत होती. स्वतःसाठी तिने मऊ भाग बाजूला काढलेला मी पाहिला. "अगं, हे का?"

"मला नाही हो फारसं आवडत सफरचंद," ती म्हणाली.

हे वाक्य आमच्या घरात आता हिशेब तपासल्याशिवाय मंजूर होत नाही. मी टोपलीतलं सगळ्यांत घट्ट सफरचंद काढलं, कापलं आणि बशी तिच्यासमोर ठेवली. पाच मिनिटांनी बशी रिकामी होती.

मऊ भाग मी खाल्ला. पिठूळ होता. पण साल काय लाल होती म्हणून सांगू!