दोषाचा उतार

पुण्यात एक आजी राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण सिनेमाचं वेड कॉलेजपासूनचं. फिल्म सोसायटीचं कार्ड त्यांनी कधी सोडलं नाही. लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संग्रहालयात इराणी, जपानी, फ्रेंच असं काहीही लागलं, की पिशवीत चष्मा नि पाण्याची बाटली टाकून त्या निघायच्या.

त्या वर्षी त्यांच्या मुलीचा संसार मोडला. आरडाओरड झाली नाही. नवराबायकोनं परस्परसंमतीनं अर्ज केला आणि शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पहिली तारीख होऊन गेली. आता दुसऱ्या तारखेपर्यंत सहा महिने थांबायचं होतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा अवधी न्यायालय माफ करू शकतं, असं वकील म्हणाले. आजींनीच सांगितलं, "घाई नको. नातीची बारावी आहे. तोवर ती माझ्याकडे राहील."

नात बॅगा घेऊन आली, पण अभ्यासात लक्ष लागेना. एका रात्री जेवताना तिनं पोळीचा तुकडा ताटात तसाच टाकला आणि म्हणाली, "आजी, हे सगळं त्या पोळ्यांच्या मावशींमुळे झालं. त्या बाबांसमोर बोलल्या नसत्या, तर काहीच झालं नसतं."

घडलं होतं ते असं. आईच्या ऑफिसातले एक गृहस्थ अधूनमधून दुपारी घरी जेवायला यायचे. बाबांना ते ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी मावशींच्या तोंडून ते बाबांसमोर निघालं आणि तिथून एकेक धागा सुटत गेला. आईनं दुसऱ्याच दिवशी मावशींना कामावरून काढलं. नात पाळण्यात होती तेव्हापासून त्या या घरात पोळ्या लाटत होत्या.

आजींनी वाद घातला नाही. ताटं उचलली, ओटा पुसला आणि म्हणाल्या, "तुला एका सिनेमाची गोष्ट सांगते. पण वेताळाची अट आहे. मधूनमधून मी विचारणार, दोष कोणाचा? उत्तर ठाऊक असून गप्प बसलीस तर काय होईल?"

"डोक्याची शकलं होतील," नात हसली. "सांग."

"असगर फरहादी म्हणून इराणचा दिग्दर्शक आहे. 'अ सेपरेशन'ला २०१२ साली ऑस्कर मिळालं, तो त्याचाच. पुढच्याच वर्षी त्याचा फ्रेंचमधला सिनेमा आला, 'ल पासे'. म्हणजे भूतकाळ. त्यात मारी नावाची बाई आहे. पॅरिसजवळ राहते, औषधांच्या दुकानात काम करते. बेरेनिस बेजो या नटीनं ती अशी उभी केलीय, की कान महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. मारीचा नवरा अहमद चार वर्षांपूर्वी तिला सोडून तेहरानला निघून गेलेला. आता घटस्फोटाच्या सह्यांसाठी तो परत येतो. विमानतळावर दोघं जाड काचेच्या दोन बाजूंना उभी. ओठ हलताहेत, पण एकमेकांचं अक्षरही ऐकू येत नाही. सिनेमा तिथून सुरू होतो."

"मग?"

"मारीला आता दुसरं लग्न करायचंय. समीर म्हणून आहे, कपडे धुण्याची लाँड्री चालवतो. त्याचा लहान मुलगाही मारीच्या घरी येऊन राहिलाय. मारीच्या पोटात समीरचं मूल आहे. पण समीरची बायको जिवंत आहे. सेलीन तिचं नाव. लाँड्रीत, कामवालीच्या डोळ्यांदेखत, तिनं कपडे धुण्याचं रसायन पिऊन घेतलं आणि तेव्हापासून ती दवाखान्यात बेशुद्ध पडलीय. बोल, दोष कोणाचा?"

"मारीचा," नात ताडकन म्हणाली. "बायको असलेल्या माणसाच्या नादी लागली. आणि त्या समीरचाही."

"बरं. मारीला आधीच्या लग्नाच्या दोन मुली आहेत. थोरली ल्यूसी, साधारण तुझ्याच वयाची. तिला समीर डोळ्यांसमोर नको असतो. रात्र रात्र घरी येत नाही. अहमद तिचा सख्खा बाप नव्हे, पण तिचा जीव त्याच्यावर. त्याच्यापाशी ती एक दिवस मोकळी होते. आईनं आणि समीरनं एकमेकांना लिहिलेल्या ईमेल तिनं सेलीनला पाठवून दिल्या होत्या, आणि लगेच सेलीननं रसायन प्यायलं. आता दोष कोणाचा?"

नातीचा हात टेबलाच्या कडेवरून फिरत होता. "मुलीचा," ती हळू म्हणाली. "पण तिला तसं व्हायला नको होतं ना? तिला फक्त ते लग्न थांबवायचं होतं."

"हो. अहमद तिला समजावतो, आईला सांग. ती सांगते. आई तिच्या अंगावर धावून जाते, घराबाहेर काढते. मग भानावर येते. पण समीरला आता राहवत नाही. ल्यूसीला सेलीनचा पत्ता दिला कोणी? ल्यूसी म्हणते, मी लाँड्रीत फोन केला, तुमच्या बायकोनंच उचलला, तिनंच ईमेलचा पत्ता सांगितला. समीर विचारात पडतो. त्या वेळी सेलीन दुकानात नव्हतीच. मग फोनवर कोण होतं? नाइमा. लाँड्रीतली कामवाली. परदेशातून आलेली, कागदपत्रं नसलेली. पोलिसांनी धरलं तर देशाबाहेर जायची. तीच सेलीन बनून बोलली होती. आता?"

"मग तिचा! सापडली एकदाची."

"समीरलाही तसंच वाटलं. तो तिला कामावरून काढतो. पण जाण्याआधी ती एक गोष्ट बोलते. म्हणते, तुमच्या बायकोला तुमचं माझ्याशी काही असल्याचा संशय होता, तिला मला घालवायचं होतं, म्हणून मी पत्ता दिला. पण तिनं त्या ईमेल वाचल्याच नसणार. वाचल्या असत्या, तर ती मारीच्या दुकानात जाऊन रसायन प्यायली असती. माझ्यासमोर कशाला प्यायली असती?"

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग वाचल्या होत्या की नव्हत्या?"

"सिनेमा सांगत नाही. दुकानात एका गिऱ्हाइकाशी डागावरून भांडण झालेलं, सेलीनचं मन आधीपासून खचलेलं. कारणं पुष्कळ. एक धरावं तर दुसरं सुटतं. पण मला त्यात दुसरंच दिसलं. बघ, शोध सुरू झाला तो मारी आणि समीरपासून. तिथून दोष खाली आला मुलीवर. मुलीवरून आला बिनकागदांच्या कामवालीवर, आणि तिथे शोध थांबला. तिच्या खाली कोणी उरलंच नव्हतं म्हणून. पाण्यासारखाच दोषही उताराकडे धावतो गं."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"आता शेवटचा प्रश्न," आजी म्हणाल्या. "आपल्या मावशी कधी कुणाच्या घरातलं बोलणाऱ्या नाहीत. मग त्या संध्याकाळी बाबांसमोर त्यांना विचारलं कोणी?"

नात गप्प. अट तिला आठवत होती.

"परवा त्या माझ्याकडे येऊन गेल्या," आजी म्हणाल्या. "राहिलेला पगार मागायला. त्यांनी सांगितलं मला. तू म्हणालीस, 'मावशी, काल दुपारी चार पोळ्या जास्त का केल्यात? कोण होतं जेवायला?' बाबा तिथेच बूट काढत होते. मावशींनी सरळ मनानं उत्तर दिलं. मी विचारलं, हे माझ्या मुलीला का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, 'पोर लहान आहे. आधीच घर मोडतंय, त्यात तिच्यावर कशाला?'"

नातीला रडू फुटलं. तिला सगळं ठाऊक होतं. आईला उघडं पाडायचं होतं, पण आपल्या तोंडून नको होतं. म्हणून तिनं प्रश्न तेवढा विचारला आणि उत्तर दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती आईकडे गेली आणि जे होतं ते सांगितलं. आईचा चेहरा आधी लाल झाला. मग ती खुर्चीवर बसली नि म्हणाली, "विचारलंस तू, सांगितलं त्यांनी. पण लपवलं होतं मी. तुझ्या बाबांना मीच आधी सांगायला हवं होतं." संध्याकाळी तिनं बाबांना फोन करून तेच सांगितलं. पलीकडून बाबा म्हणाले, "दोन वर्षं आपण एका टेबलावर जेवलो नव्हतो. ते मलाही दिसत होतं. मी विचारलं नाही."

यानं संसार जुळला नाही. दुसरी तारीख आली, सह्या झाल्या. पुढे आईनं लग्नही केलं. नातीला ते गृहस्थ लगेच आवडले असं नाही, पण ती त्यांच्याशी बोलू लागली, कारण मनात दडवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मावशींकडे मात्र मायलेकी मिळून गेल्या. राहिलेला पगार दिला, माफी मागितली आणि परत या म्हणाल्या. मावशींनी चहा टाकला. म्हणाल्या, "माफी कसली, तुम्ही आलात यातच सगळं आलं. पण ताई, मला दुसरीकडे काम लागलंय. त्यांना कसं सोडू?" त्या परत आल्या नाहीत. झालेलं नुकसान कबुलीनं भरून निघतंच असं नाही.

घरी आल्यावर नातीनं आजीला विचारलं, "समीरनं शेवटी काय केलं?"

"दवाखान्यात गेला. बेशुद्ध माणसाला ओळखीचा वास कळतो का, हे डॉक्टर तपासत होते. त्यानं आपलं सेंट लावलं आणि बायकोच्या तोंडाशी वाकला. आपल्यापासून सुरुवात करायला त्याला फार उशीर झाला होता. तुला नाही झाला."

मग आजी म्हणाल्या, "आपल्या गावागावांत भिंतीवर लिहिलेलं असतं, पाणी अडवा, पाणी जिरवा. दोषाचंही तेच करायचं. आपल्या बांधावर आपल्या वाट्याचा अडवायचा, खालच्याच्या शेतात सोडायचा नाही."

तात्पर्य: घर मोडलं की प्रत्येक जण दोष आपल्याहून दुबळ्या माणसाकडे ढकलतो, आणि ज्याला उलटून बोलता येत नाही तोच शेवटी गुन्हेगार ठरतो. म्हणून दोषी शोधायला निघणाऱ्यानं आधी आपला वाटा उचलावा. त्यानं मोडलेलं नातं जुळेलच असं नाही, पण नव्या नात्याचा पाया खोटा राहत नाही.