शिवारात पडलेलं गाव

ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा नकाशा कुणा कंपनीच्या मालकीचा नाही. 2004 साली स्टीव्ह कोस्ट या इंग्लंडमधल्या तरुणाने तो सुरू केला आणि तेव्हापासून लाखो माणसं आपला वेळ फुकट देऊन तो भरत आली आहेत. खातं उघडलं की कुणालाही त्यात रस्ता, विहीर, शाळा, देऊळ मांडता येतं.

समजा, हिंगोलीची एक मुलगी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. सुटीत घरी आल्यावर ती या नकाशावर आपला जिल्हा उघडते. औंढा नागनाथ ठळक दिसतं, नर्सी नामदेव दिसतं, पण सेनगावच्या नि कळमनुरीच्या आडबाजूची कितीतरी गावं तिला दिसतच नाहीत. मग एका सरकारी संकेतस्थळावर तिला जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची यादी मिळते, अक्षांश-रेखांशासकट. थोडी खटपट केली तर ही अख्खी यादी एका रात्रीत नकाशावर चढवता येते. हेतू चांगला आहे, पैसा लागत नाही, कुणाची परवानगीही लागेलसं वाटत नाही. तिने ती चढवावी का?

कायद्याचं उत्तर तुलनेने सोपं आहे. सरकारी माहिती लोकांना खुली करायचं राष्ट्रीय धोरण 2012 साली आलं. अशी माहिती कोणत्या अटींवर वापरायची, हे सांगणारा खुला परवाना 2017 साली आला. स्रोताचा उल्लेख करणं ही त्यातली एक अट. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने नकाशांवरची जुनी बंधनंही बरीच सैल केली. ज्या पानावर असा परवाना लिहिलेला नाही, तिथली माहिती डोळ्यांना दिसते म्हणून उचलायची नसते. गूगलच्या नकाशावरून नावं उतरवून घेणं तर या नकाशात सरळ निषिद्ध आहे. शंका असेल तर त्या खात्याला पत्र लिहून लेखी होकार मागावा.

खरी अडचण यादीतच आहे. अशा याद्यांत गावाचा ठिपका पुष्कळदा त्या गावच्या महसुली हद्दीच्या मध्यावर दिलेला असतो. हिशेबाने तो बरोबर असतो. पण माणसं हद्दीच्या मध्यावर राहत नाहीत, गावठाणात राहतात, आणि गावठाण कधी नदीकाठी तर कधी शिवेला लागून असतं. मग नकाशावरचं गाव जाऊन पडतं कुणाच्या तरी हळदीच्या वावरात. रात्री अनोळखी वाटेने येणारा गाडीवाला तो ठिपका पाहून तिकडे वळला, तर त्याला काय सापडणार?

नावांची तऱ्हा वेगळीच. यादी इंग्रजी अक्षरांत असली आणि ती यंत्राने मराठीत आणली, तर कळमनुरीची कलमनुरी होते. आपण वसमत म्हणतो, कागदोपत्री बसमत. जवळा बाजार औंढा तालुक्यात, जवळा पांचाळ कळमनुरीत. कनेरगाव नाका वाशीमच्या वाटेवर, पानकनेरगाव सेनगावात. यादीत पुढचा-मागचा शब्द गळाला की कोणतं गाव कोणतं, ते फक्त तिथल्या माणसाला कळणार. इसापूरच्या धरणाने हलवलेली गावं जुन्या नकाशात अजून पाण्याखालच्या जागी नांदत असतात.

यापेक्षा गंभीर एक बाब आहे. वस्त्यांना आणि रस्त्यांना असलेली जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. जुन्या याद्यांत ती नावं तशीच आहेत. लोकांनी पाटी उतरवली, नवं नाव लावलं, आणि आपण घरबसल्या जुनी यादी ओतून तीच पाटी साऱ्या जगाला दिसेल अशी पुन्हा टांगली, तर ‘मी फक्त सरकारी माहिती टाकली’ हा बचाव मला पटणार नाही. यादी सरकारची असली तरी टाकणारा हात आपला असतो.

यादीत जे नसतं, त्याचाही विचार करायला हवा. 10 जुलै 2024 रोजी सकाळी हिंगोली, परभणी, नांदेडची घरं भूकंपाने हादरली. तीव्रता 4.5 होती. केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ असल्याचं सांगितलं गेलं, आणि एका तांड्याचं नाव महाराष्ट्रभर पोहोचलं. त्याआधी मार्चमध्येही धक्के बसले होते. वसमतकडच्या पांगरा शिंदेचे लोक तर जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. आता, तांडे आणि वाड्या पुष्कळदा स्वतंत्र महसुली गाव नसतात, दुसऱ्या गावात मोजल्या जातात. महसुली गावांची यादी कितीही नेकीने चढवली तरी हे तांडे-वाड्या नकाशावर येत नाहीत. उलट जिल्हा आता ‘भरला’ असं वाटून पुढचा माणूस तिकडे बघतही नाही. रिकामी जागा निदान बोलावते तरी. अर्धवट भरलेली जागा येणाऱ्याला परत पाठवते.

अमेरिकेने याचा धडा मोठ्या प्रमाणावर घेतला. तिथल्या जनगणना खात्याची रस्त्यांची माहिती 2007-08 च्या सुमारास या नकाशात एकगठ्ठा ओतली गेली. देश एका झटक्यात भरला. पण रस्ते जागेवरून सरकलेले होते, जंगलातल्या कच्च्या वाटा वस्तीतले रस्ते म्हणून नोंदल्या गेल्या होत्या, आणि ते निस्तरण्याचं काम स्वयंसेवक पुढे कित्येक वर्षं करत राहिले. ओतणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, माहितीही सरकारीच होती.

आता कुणी म्हणेल, इतकी भीती घातली तर कुणी काही करणारच नाही. आक्षेप खरा आहे. एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपात हाच नकाशा मदत करणाऱ्यांच्या उपयोगी पडला. जगभरातल्या हजारो अनोळखी लोकांनी उपग्रहाची चित्रं पाहून घरं, रस्ते रेखाटले. पण काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही तिथली संस्था भूकंपाच्या आधीपासून शाळा, दवाखाने जागेवर जाऊन नोंदत होती, म्हणून दूरच्या त्या कामाला बुड होतं.

या नकाशाचे स्वतःचे रिवाजही हेच सांगतात. मोठी यादी चढवण्याआधी इतर नकाशाकारांना विचारा, काय नि कुठून आणणार ते लिहून ठेवा, त्या कामासाठी वेगळं खातं वापरा, म्हणजे चुकलं तर सगळं एकत्र मागे घेता येईल. नवख्याला हे सरकारी कचेरीसारखं वाटतं. मला त्यात साधी माणुसकी दिसते. गावाबाहेरच्या एखाद्याने महिनाभर खपून आपली गल्ली रेखाटली असेल, तर तिच्यावर यादी ओतण्याआधी त्याला एका शब्दाने विचारायला काय हरकत आहे?

आपलं काम जमिनीवर पडताळून पाहण्याची रीत जुनीच आहे. विल्यम लॅम्बटन हा इंग्रज अधिकारी 1802 पासून मद्रासेकडून उत्तरेकडे हिंदुस्थान मोजत निघाला आणि 1823 साली वर्ध्याच्या हिंगणघाटला वारला. त्याची मोजणी परक्या सत्तेसाठी होती, ती डोक्यावर घ्यायचं कारण नाही. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. त्रिकोण मांडत शेकडो मैल आल्यावर त्याची माणसं थांबत, जमिनीवर पुन्हा साखळी टाकून अंतर मोजत, आणि आपला हिशेब त्याच्याशी जुळतो का ते बघत.

त्या मुलीने जिल्ह्याची यादी बाजूला ठेवून एक महसूल मंडळ घ्यावं. जितकी गावं ती स्वतः पाहू शकते, तलाठ्याला, कोतवालाला, तांड्याच्या नायकाला विचारू शकते, तितकीच घ्यावीत. आणि हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना विनंती, यंदाच्या प्रकल्पांत हे काम द्या. विद्यार्थी त्याच गावांतून येतात. आपलं गावठाण कुठे आहे, तांड्याला तिथले लोक काय म्हणतात, हे त्यांना कुठल्याही यादीपेक्षा जास्त ठाऊक आहे.